खाडीची वाट

माहीमचा कॉजवे डोळे मिटूनही कळतो. दादरहून वांद्र्याकडे जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही पेंगत असा, नाहीतर कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत असा. माहीमचं चर्च मागं पडलं की खिडकीतून वास आत येतो. कुजका चिखल, वाळत घातलेली मासळी, सांडपाणी आणि या सगळ्याच्या तळाशी खारा वारा. नवखे नाकाला रुमाल लावतात, रोजचे लोक मान वर करून बघतही नाहीत. माझ्या लहानपणी त्यात धारावीतल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांची भर असे. "आली खाडी," आई म्हणायची, आणि आम्ही भावंडं गाल फुगवून श्वास रोखायचो. जो वांद्र्यापर्यंत टिकेल त्याला येताना खिडकी. ट्रॅफिकच्या कृपेनं ती पैज कधी कुणी जिंकलं नाही.

पुढे मुंबईवरची जुनी पुस्तकं हाताशी आली आणि कळलं, की या खाडीशी जिवाची पैज लावणारे खरेखुरे लोक होते. हा रस्ता व्हायच्या आधी माहीमहून वांद्र्याला जायचं म्हणजे तरीत बसायचं. पलीकडून भाजी, भात, दूधदुभतं, कोंबड्या आणि लग्नाची वऱ्हाडं यायची; इकडून कामाधंद्याची माणसं जायची. आठ महिने ठीक चालायचं. पावसाळ्यात मात्र समोरून पश्चिमेचा वारा, खालून भरती आणि मागून नदीचा लोंढा, असं तिन्हीकडचं पाणी या तोंडाशी एकमेकांवर आदळायचं. होड्या उलटायच्या. दरवर्षी कुणी ना कुणी जायचं, आणि पुढच्या वर्षी लोक पुन्हा तरीत बसायचे, कारण दुसरा इलाज नव्हता.

मुंबईची सात बेटं आपण शाळेत पाठ केली: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. नकाशात ती निळ्या पाण्यावर सुटीसुटी मांडलेली असतात, त्यामुळे मधे खोल समुद्र असावा असं वाटतं. प्रत्यक्षात ती सात होती भरतीच्या वेळी. ओहोटी लागली की मधे चिखल, खाजणं, तिवरांची रानं उघडी पडायची आणि अर्धीअधिक बेटं एकमेकांना चिकटायची. धोतर वर खोचून, चपला हातात घेऊन माणसं एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जायची. घड्याळ पाण्याचं होतं. पलीकडे गप्पांत जास्त रमलात तर रात्र तिथेच काढायची.

माहीम हे त्यांतलं सगळ्यात उत्तरेचं आणि कदाचित सगळ्यात मानाचं बेट. बिंबराजाची राजधानी इथे होती असं परंपरा सांगते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून छापलेली बखरही महिकावतीच्याच, म्हणजे माहीमच्याच, नावाची आहे. मखदूम अली माहिमी इथेच राहिले, इथेच १४३१ साली गेले, आणि त्यांच्या दर्ग्यावर आजही उरुसाला मुंबई पोलिसांचा संदल वाजतगाजत येतो. इतकी जुनी वस्ती, इतका राबता, आणि समोर हाकेच्या अंतरावर, वांद्रं ज्या बेटावर आहे त्या साष्टीचा किनारा. मग १८४० उजाडेपर्यंत इथे कुणी पूल कसा बांधला नाही?

याचं उत्तर पाण्यात शोधू नये. ही खाडी दीर्घकाळ सरहद्द होती. १६६१च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली आणि राजानं ती १६६८ साली वर्षाला दहा पौंडांच्या भाड्यानं कंपनीच्या हवाली केली, हे सगळ्यांना माहीत असतं. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. माहीमसुद्धा आम्ही दिलेलं नाही, असा त्यांचा दावा होता. मग खाडीच्या या बाजूला माहीमचा किल्ला, त्या बाजूला १६४० सालचा वांद्र्याचा किल्ला, आणि दोघांच्या मधून जाणाऱ्या होड्यांवर जकातीची भांडणं. पुढे १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली, तेव्हा समोरचं निशाण बदललं. सरहद्द तशीच राहिली. चिमाजीअप्पांच्या फौजा वांद्र्यापर्यंत आल्यावर इंग्रजांची माहीमच्या किनाऱ्यावर काय धांदल उडाली असेल! अशा जागी पूल बांधायचा म्हणजे शत्रूला घराची किल्ली देण्यासारखं. १७८२च्या सालबाईच्या तहानं साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली, तेव्हा कुठे ही खाडी ओलांडण्याजोगी झाली. नुसती ओलांडण्याजोगी, ओलांडली जायला आणखी साठ वर्षं लागली.

समुद्रात बांध घालायची कल्पना आपल्याला काही इंग्रजांनी शिकवलेली नाही. रामायण तर आहेच. पण इतिहासातलं जवळचं उदाहरण संभाजीमहाराजांचं. १६८२च्या सुमाराला सिद्दीचा जंजिरा घेण्यासाठी त्यांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत खाडीत दगड लोटून बांध घालायला सुरुवात केली होती. मोगलांच्या फौजा कल्याणच्या बाजूला उतरल्या आणि ते काम अर्ध्यावर सोडावं लागलं. पुरं झालं असतं तर सिद्दीचं काय झालं असतं, यावर राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीची वाट बघत अजून वाद घालता येतो.

मुंबईतला पहिला मोठा बांध अशाच हट्टातून उभा राहिला, फक्त त्याला लढाईचं कारण नव्हतं. आजचं महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधे मोठी खिंड होती. भरतीला समुद्र तिथून आत घुसायचा तो थेट पायधुणी, उमरखाडीपर्यंत. मुंबई बेटाच्या मधोमध दिवसातून दोनदा खारं पाणी भरायचं, उतरायचं, आणि मागे चिखल, डास आणि ताप ठेवून जायचं. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता. ही खिंड बुजवायचीच, असं त्यानं घेतलं मनावर. खर्चाचा आकडा बघून लंडनच्या मालकांनी नकार दिला. त्या नकाराचं पत्र हॉर्नबीनं खिशात ठेवून दिलं आणि बांध पुरा झाल्यावर बाहेर काढलं, अशी कथा आहे. मला ती जरा जास्तच छान वाटते, म्हणून माझा तिच्यावर अर्धाच विश्वास आहे. पण पत्राला लंडनहून यायला महिनोन्‌महिने लागायचे त्या काळात एखाद्या गव्हर्नरला 'पत्र उशिरा मिळालं' म्हणणं किती सोपं होतं, हे कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला पटेल.

दुसरी कथा आपली. बांध टिकेना, टाकलेला दगड भरती वाहून नेई. काम पाहणारे रामजी शिवजी हे पाठारे प्रभू. त्यांच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, मी खाडीच्या तळाशी आहे, मला बाहेर काढ. जाळी टाकली, मूर्ती वर आल्या, आणि मग बांध उभा राहिला. महालक्ष्मीच्या देवळात जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे. पण बांधकामाच्या मुळाशी देवी असावी, तिनं आधी स्वतःची जागा मागून घ्यावी आणि मग पाण्याला हटू द्यावं, ही कथा मला पत्राच्या कथेपेक्षा समजूतदार वाटते. ज्यानं पाणी हटवायचं ठरवलं त्यानं पाण्यातल्या कुणाला तरी विचारलं, एवढं तरी तिच्यात आहे.

या बांधाचं नाव हॉर्नबी व्हेलार्ड. आज त्याला लाला लजपतराय मार्ग म्हणतात. हाजीअलीसमोरून जाणारा तोच. बांधानं जी जमीन कोरडी झाली, तिच्यावर पुढे ताडदेव, भायखळ्याच्या पलीकडचा सखल भाग, कामाठीपुरा असं सगळं वसलं. १८५४ साली मुंबईतली पहिली कापडगिरणी निघाली ती ताडदेवला. तळकोकणातून बोटीनं आणि घाटावरून गाडीनं आलेली माणसं ज्या गिरणगावात राहिली, त्याचा कितीतरी भाग समुद्राच्या तळावर उभा होता. पावसात परळ-लालबाग तुंबलं की आपण नाल्यांना शिव्या देतो. नाल्यांची चूक असतेच. पण पाण्यालाही आपला जुना पत्ता आठवत असावा.

हॉर्नबीनंतर शीव आणि कुर्ला यांच्यात डंकनचा कॉजवे आला, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. साष्टीला जोडणारा तो पहिला. १८३८ साली कुलाब्याचा झाला. कुलाब्याला लष्कराची छावणी होती, आणि भरतीला अडकून पडणारे बहुतेक गोरे साहेब असल्यामुळे ते काम सरकारच्या डोक्यात लवकर शिरलं असावं. कॉजवे झाला आणि कापसाचा बाजार कुलाब्याला गेला, मागून गोद्या आल्या, ट्राम आली. आज कुलाबा कॉजवेवर कानातली, चपला आणि टी-शर्ट घेणाऱ्याला 'तू समुद्रात उभा आहेस' म्हणालात, तर तो त्यावरही भाव पाडून मागेल. त्या रस्त्याला पाणी दिसतच नाही. म्हणून मला तो कॉजवे वाटत नाही.

माहीमचा वाटतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना अजून पाणी आहे. आणि त्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो सरकारनं स्वतःच्या पैशानं बांधला नाही.

मागणी जुनी होती. अर्ज होत होते, अंदाजपत्रकं बनत होती, आणि पैशाचं नाव निघालं की कागद पुन्हा कपाटात जात होते. शेवटी पैसे पुढे केले ते अवाबाईंनी. सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी. त्यांनी या रस्त्यासाठी दिलेली रक्कम १,५७,००० रुपये. १८४१ साली काम सुरू झालं, १८४५च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्या हस्ते रस्ता खुला झाला. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी जायच्या आठ वर्षं आधी. देणगी देताना त्यांची अट होती: या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही.

ही अट मला पैशांपेक्षा मोठी वाटते. दीड लाख देणारे त्या मुंबईत आणखीही निघाले असते. पारशी, गुजराती, पाठारे प्रभू, कोकणी मुसलमान, सगळ्यांत दानशूर होते. पण आपण दिलेल्या रस्त्यावरून कोण कसं जाईल याचा विचार देताना करणं, आणि सरकारकडून तसं कबूल करून घेणं, याला व्यवहाराची जाण लागते. तरीवाल्याला पैसा दोन पैसे मोजणारी भाजीवाली त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. रस्ता झाल्यावर तिच्या डोक्यावरचा हारा तेवढाच जड राहणार होता. निदान नाक्यावर तो उतरवून पैसे मोजायला लागू नयेत.

अवाबाईंबद्दल आणखी काय माहीत आहे? फारसं नाही. त्यांच्या पतीबद्दल मात्र भिंती भरतील एवढं आहे: नवसारीहून आलेला पोरका मुलगा, जुन्या बाटल्यांचा धंदा, चीनच्या सफरी, जे. जे. रुग्णालय, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, नाइटहूड मिळालेले पहिले हिंदी गृहस्थ. माहीम-दादरच्या मोठ्या रस्त्याला अवाबाईंचं नाव मिळालं, ते असं: लेडी जमशेटजी मार्ग. बाई स्वतःच्या रस्त्यावरही नवऱ्याच्या नावानंच उभ्या आहेत. आणि लोक तर एलजे रोड म्हणतात. त्यात ना अवाबाई उरल्या ना जमशेटजी.

आता थोडं कडू. जमशेटजींची संपत्ती कापसाची होती तशीच अफूचीही होती. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या व्यापारात ते अगदी वरच्या फळीत होते. ज्या १८४२ साली त्यांना नाइटहूड मिळाली, त्याच साली पहिल्या अफूच्या युद्धात हरलेल्या चीननं नानकिंगचा तह केला. माहीमच्या खाडीत तेव्हा दगड पडत होते. त्या दगडांचा हिशेब कुठे कुठे जाऊन पोचतो ते बघितलं की मन खट्टू होतं. मी या दोन्ही गोष्टींची वजाबाकी करून बघितली. बाकी काही निघत नाही. कॅन्टनच्या एखाद्या गल्लीत कुणाचं घर बुडालं आणि माहीमच्या खाडीत कुणाची होडी बुडायची थांबली. दोन्ही खरं आहे. मुंबईच्या दानधर्माच्या अनेक इमारतींना हा तळ आहे, आणि तो सांगितल्यानं अवाबाईंची अट लहान होत नाही.

ज्यांनी घमेल्यात दगड-माती वाहिली, चिखलात कमरेइतकं उभं राहून बांधाला पाया दिला, त्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांच्याबद्दल एवढंच लिहिता येतं.

रस्ता झाला आणि वांद्रं मुंबईला जोडलं गेलं. टेकडीवर हवा खायला बंगले उठले, माऊंट मेरीची जत्रा शहराची जत्रा झाली, आणि वीसेक वर्षांत कॉजवेच्या शेजारून रेल्वेही खाडी ओलांडून गेली. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन' छापून आलं. मुंबईवरचं हे पहिलं मराठी पुस्तक. माडगावकर १८१५चे. म्हणजे कॉजवे खुला झाला तेव्हा ते तिशीत होते. सात बेटांचं एक शहर होताना शेवटचे टाके त्यांच्या देखत पडले. आज आपण पश्चिम उपनगरं म्हणतो तिथे तेव्हा माडांच्या वाड्या, भातशेती आणि मिठागरं होती. कॉजवेवरून टांग्यातून जाणाऱ्याला डावीकडे उघडा समुद्र, उजवीकडे तिवरांचं रान आणि समोर वांद्र्याची हिरवी टेकडी दिसत असणार. मुंबईतल्या सुंदर रस्त्यांत त्याची गणना होत असेल तर नवल नाही.

पण बांधाला दोन बाजू असतात. एका बाजूनं तो माणसांना वाट देतो आणि दुसऱ्या बाजूनं पाण्याची वाट अडवतो. हॉर्नबीनं खिंड सरळ बुजवून टाकली. तिथे समुद्र आत येऊ नये हाच हेतू होता. माहीमला तसं चालणार नव्हतं, कारण इथे आतून नदी येते. मिठी नदीचं तोंड हे. म्हणून बांधाच्या ओळीत पाणी जायला पूल ठेवला. नदीच्या रुंद तोंडातून एक फट शिल्लक राहिली. पाण्याचा वेग बदलतो तिथे गाळ बसतो. गाळ बसतो तिथे कुणाला तरी जमीन दिसते. कॉजवेमागून रेल्वेचा पूल आला, पुढे वांद्र्याच्या बाजूला समुद्रात भराव पडला, आतल्या खाजणांवर वांद्रे-कुर्ला संकुल उठलं, आणखी वर विमानतळाची धावपट्टी नदीच्या अंगावरून गेली. प्रत्येकानं थोडी थोडी फट अरुंद केली. कॉजवेला एकट्याला दोष देता येणार नाही, पण रांगेत पहिला नंबर त्याचा.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी दादरहून चालत निघाले. एलजे रोडवर पाणी कमरेला होतं. कॉजवेवर चढल्यावर ते पोटरीपर्यंत उतरलं, कारण बांध उंच. हजारो माणसं एकाच दिशेनं चालत होती, कुणी बोलत नव्हतं. रस्त्याच्या कडेला माहीमची पोरं दोरी धरून उभी होती, एक बाई बादलीतून चहा वाटत होती. पुलापाशी आले तेव्हा खालून आवाज आला. समुद्राचा आवाज मुंबईच्या माणसाला ओळखता येतो; हा तो नव्हता. हा नदीचा होता. इतकी वर्षं तिच्यावरून जात होते आणि तिला मी नाला समजत होते. पुढे माधव चितळे यांच्या समितीनं या पुराची कारणं तपासली, मिठी रुंद करायचं काम निघालं, खर्च झाला, होतो आहे.

त्यानंतरच्या वर्षी, १८ ऑगस्ट २००६ला, आणखी एक प्रकार झाला. माहीमच्या किनाऱ्यावर बातमी पसरली की समुद्राचं पाणी गोड झालं. मखदूमबाबांची करामत, लोक म्हणाले, आणि रात्रीतून हजारो माणसं लोटली. बाटल्या, कळशा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, ओंजळी. तान्ह्या मुलांच्या ओठांना लावलं, आजाऱ्यांना पाजलं. महापालिका ओरडून सांगत होती की हे पाणी पिऊ नका, इथे शहराचं सांडपाणी येतं. मी दुसऱ्या दिवशी बघायला गेले होते. एका म्हाताऱ्यानं कौतुकानं बाटली पुढे केली, "घ्या ताई, घोटभर." मी हात जोडले. शास्त्रज्ञांनी कारण सांगितलं ते साधं होतं: पावसाळ्यात मिठीचं गोडं पाणी भरपूर आलं होतं, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर तरंगत राहिलं आणि किनाऱ्याला साचलं. लोक चुकले ते पिण्यात. नदीला ओळखण्यात नाही चुकले. वर्षानुवर्षं जिला गटार म्हटलं तिला एका रात्रीपुरता तरी त्यांनी मान दिला.

खाडीच्या तोंडावर आता दुसरा पूल दिसतो. सी लिंक, ३० जून २००९ला खुला झालेला, साडेपाच किलोमीटरहून थोडा जास्त. संध्याकाळी कॉजवेवरून बघितलं की त्याच्या तारांतून सूर्य खाली जातो आणि सगळे मोबाइल वर येतात. देखणा आहे, नाही म्हणवत नाही. त्यानं खांबांवर उभं राहून पाणी खालून जाऊ दिलं, ही अवाबाईंच्या काळापासून झालेली प्रगती. पण त्याच्यावरून चालत जाता येत नाही, सायकल नेता येत नाही, दुचाकीला मज्जाव आहे, आणि गाडी असली तरी टोल भरावा लागतो. हारा घेतलेल्या भाजीवालीचा विचार त्यात कुठे नाही.

माहीमच्या रेती बंदरावर एका तांडेलकाकांशी कधीमधी बोलणं होतं. जाळं पायाच्या अंगठ्याला अडकवून शिवत बसलेले असतात. बोलताना नजर वर करत नाहीत, सुई मात्र थांबत नाही. नायलॉनच्या निळ्या जाळ्याला जिथे फाटलंय तिथे ते आधी आणखी थोडं कापतात, कडा सरळ करतात आणि मग गाठ मारतात. मी एकदा सी लिंकबद्दल विचारलं. ते म्हणाले, "पूल बांधा की, नको कोन बोलतो? पन होडी जायला जागा ठेवा. आम्ही काय उडत जायाचं?" आणि मग वरळीच्या पोरांनी कसं केलं ते सांगितलं. कोस्टल रोडला सी लिंकशी जोडताना वरळी कोळीवाड्यासमोर खांब येत होते. दोन खांबांत साठ मीटर. उधाणाच्या लाटेत एवढ्या जागेतून होडी काढायची म्हणजे खांबावर आपटायची हमी. कोळी अडून बसले, होड्या घेऊन समुद्रात उभे राहिले, काम थांबवलं. २०२२च्या शेवटी सरकारनं मानलं. एक खांब गाळला आणि अंतर एकशे वीस मीटर केलं. त्यांनी मागितलं होतं त्याहून ते कमीच आहे. पण मिळालं ते अर्ज करून करून, होड्या आडव्या घालून.

मला हे अवाबाईंच्या अटीच्या जोडीला ठेवावंसं वाटतं. पाण्यावर रस्ता टाकणाऱ्याला दोन प्रश्न विचारायला हवेत: वरून जाणाऱ्या गरिबाला वाट आहे का, आणि खालून जाणाऱ्याला, मग ती होडी असो नाहीतर नदी, जागा आहे का? पहिला प्रश्न १८४१ साली एका बाईनं विचारला आणि उत्तर लिहून घेतलं. दुसरा विचारायला एकशे ऐंशी वर्षं लागली, आणि तोही कोळ्यांनाच विचारावा लागला. नदीच्या वतीनं तर अजून कुणी होड्या आडव्या घातलेल्या नाहीत.

माहीम कॉजवे तुम्ही बसमधून पुष्कळदा ओलांडला असेल. एकदा चालत जा. पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपासचा दिवस धरा, म्हणजे उधाण मिळेल. माहीमच्या चर्चपासून निघा, डाव्या फुटपाथनं, म्हणजे समुद्र तुमच्या बाजूला राहील. पुलाच्या कठड्याशी थांबा आणि खाली बघा: भरती असेल तर समुद्र नदीत शिरताना दिसेल, ओहोटी असेल तर नदी समुद्रात. फूटपाथवर मोटारसायकली चढतात, त्या सांभाळा. पंधरा-वीस मिनिटांत वांद्र्याला पोचाल. पैसे लागत नाहीत. ती अट अजून पाळली जाते.